वळकटी कोणी बांधली

१

कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवला नाही. नवऱ्यानं नाही, लेकीनं नाही, वॉचमननं तर नाहीच. आणि ती शिकलेली इतिहासवाली, तिनं तर ऐकता ऐकता मोबाइल काढला आणि दुसऱ्याच कुणाला तरी "हो हो, पाठवते" म्हणाली.

बरं, फौजदारीण काही उगाच तोंडाची वाफ दवडणारी बाई नव्हती. शाळा चौथीपर्यंतच, पण सगळ्या जिन्यांवर तिचा दरारा. जिन्यात कुणी थुंकलं तर त्याच्या दारात जाऊन त्याच्याच हातात फडकं द्यायची आणि पुसून होईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहायची. म्हणून तर हे नाव पडलं. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "जिवंत माणसं जीव खायला पुरेशी आहेत," म्हणायची, "मेलेल्यांना कशाला त्रास?"

ती राहायची त्या इमारती म्हणजे सरकारनं कामगारांसाठी बांधलेली पहिली घरं. त्याआधी सगळी गल्ली एका नळावर, पावलाखाली चिखल आणि डोक्यावर गंजका पत्रा. मग विटांच्या या इमारती उठल्या. प्रत्येक मजल्यावर पाणी, प्रत्येक खोलीला खिडकी. खिडकी पाहून माणसं रडली होती म्हणे. आता इमारती म्हाताऱ्या झाल्या, तेव्हा कुठं वरच्या लोकांना त्यांचं कौतुक सुचलं. अंगणापलीकडच्या इमारतीतली एक रिकामी खोली त्यांनी इतिहास शिकलेल्या एका बाईकडून जुन्यासारखी सजवून घेतली. शेगडी, पितळी दिवा, लाकडी पेटी, खुंटीवर सदरा. बाहेर पाटी लावली: पहिल्या दिवसाची खोली. लोक तिकीट न काढता यायचे, फोटो काढायचे आणि "किती लहान ना!" म्हणून जायचे.

किल्ली फौजदारणीकडे. रोज सकाळी कुलूप काढायचं, झाडायचं, पितळ पुसायचं, जमिनीवर अंथरलेल्या गादीवरची सुरकुती हातानं सारखी करायची. गादी तिच्याच घरातली. माळ्यावर पडून होती, वळकटी बांधून, कोण जाणे कधीपासून. लेक तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली, पाळण्याला जागा हवी, म्हणून तिनं माळा उपसला आणि ती गादी इतिहासवालीला देऊन टाकली. दोरी सुटेना तेव्हा कात्रीनं कचाकच कापली आणि कचऱ्यात टाकली.

एका सकाळी तिनं दार उघडलं, तर गादीची वळकटी झाली होती.

नीट, गोल, दोन्ही टोकं सारखी. वर दोरी. दोरी जुनीच, काळपट काथ्याची. आणि अख्खी.

२

फौजदारणीनं आधी डोकं चालवलं. वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलेली गादी आपोआप वळते, कापसाला सवय लागते. ठीक. पण कापसाला गाठ मारता येत नाही. आणि कापलेली दोरी सांधली तर सांधा दिसायला हवा. तिनं दोरी बोटांनी चाचपली. सांधा कुठेच नव्हता.

तिनं वॉचमनला धरलं.

"तू आत गेलास?"

"मी? किल्ली तुमच्याकडं. मी काय भिंतीतून जाऊ?"

"तुझा काय भरवसा. झोपेत चालत असशील. ड्यूटीवर तर झोपतोसच."

"मावशी, झोपतो, पण खुर्चीत. चालत नाही."

दुसऱ्या सकाळी पुन्हा वळकटी. तिसऱ्याही. ती सोडायची, अंथरायची, वर चादर घालून दामटून बसवायची. सकाळी पुन्हा तेच. इतिहासवालीनं कुलूप बदललं. मग बाहेरच्या वऱ्हांड्यातल्या कॅमेऱ्यात पाहिलं, आणि फौजदारणीला ऑफिसात बोलावून खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच तिनं ओळखलं, आता काहीतरी गोड आणि वाईट ऐकायचं आहे.

"मावशी, आत-बाहेर करताना फक्त तुम्हीच दिसता हो. तुम्हाला काही त्रास होतोय का? घरात बाळ आहे, आजी आजारी आहेत. माणसाचं डोकं शिणतं."

"डोकं माझं शाबूत आहे. तुमचा कॅमेरा तपासा."

"कॅमेरा बरोबर आहे."

"म्हणजे मी रात्रंदिवस गादीशी खेळते?"

इतिहासवालीनं पाण्याचा पेला पुढं सरकवला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. फौजदारीण उठली, खुर्ची सरकवताना मुद्दाम आवाज केला, आणि दार धाडकन ओढलं. पण जिना उतरताना तिच्या मनात एक गोष्ट आली.

सुरुवातीला वळकटी भिंतीशी असायची. आज ती खोलीच्या मध्यापर्यंत आली होती. दाराच्या रोखानं.

३

गाठ तिनं घरी जाऊन स्वतःच्या पिशवीवर मारून पाहिली. दोरीचे दोन फेरे, एक फास उलटा, टोक आत खुपसलेलं. ओढाल तेवढी आवळणारी. ही गाठ दुकानात कुणाला येत नाही, हमालांनाही नाही. ही सासूची गाठ. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला पहिल्यांदा काही शिकवलं असेल तर हे. घरातलं प्रत्येक गाठोडं, प्रत्येक पिशवी, बरणीच्या तोंडावरचं फडकं, सगळ्याला हीच गाठ.

सासू खिडकीपाशी खाटेवर. नव्वदीच्या आसपास, अंगात हाडं तेवढी. थंडीपासून तिचे पाय गेले होते. कूस बदलायलाही फौजदारणीचा हात लागायचा. जीभ मात्र ठणठणीत.

"आत्याबाई, ही तुमची गाठ आणखी कुणाला येते?"

"तुला येते."

"मी सोडून."

"तुझ्या लेकीला. तूच शिकवलीस. कामधंदे नव्हते तुला."

"आणखी?"

पाळण्यात बाळ हात हलवत होतं, लेक त्याचे कपडे घडी करत होती. सासू त्या कपड्यांकडे बघत राहिली.

"तू ती गादी उलगडलीस," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं, माळ्याला हात लावू नको."

"कधी सांगितलंत?"

"लग्नाच्या वर्षी सांगितलं होतं."

"आत्याबाई, लग्नाच्या वर्षी तुम्ही मला श्वाससुद्धा विचारून घे म्हणाला होता. कुठलं कुठलं लक्षात ठेवू?"

लेक हसली. सासू हसली नाही. "त्या गादीवर या घरात कोणी कधी झोपलं?" तिनं विचारलं.

फौजदारीण आठवू लागली. पाहुणे आले, बाळंतपणं झाली, नवरा एकदा पाठ धरून महिनाभर जमिनीवर झोपला. अंथरुणाची ओढाताण नेहमीचीच. आणि माळ्यावर अख्खी गादी.

कोणीही झोपलं नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी शाळेतली पोरं खोली बघायला येणार होती, म्हणून ती लवकर गेली. ऊन खिडकीतून थेट आत पडलं होतं. भीती वाटावी असं काहीच नव्हतं. पितळी दिवा चमकत होता, खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं.

वळकटी उंबऱ्याला टेकून उभी होती. गाडीवर चढवायला काढून ठेवलेलं सामान असतं तशी.

आणि वास होता. आगपेटीतल्या सगळ्या काड्या एकदम ओढून नाकाशी धराव्यात तसा. घसा खरवडणारा.

"कोण मेला काड्या ओढतो इथं," ती मोठ्यानं म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकून बरं वाटलं. तिनं वळकटी उचलायला हात घातला आणि ती उचलली गेली नाही.

रोज एका काखेत मावणारी गादी. तिनं दोन्ही हात घातले. जड होती, पण धान्याच्या पोत्यासारखी नाही. पोतं सगळीकडून सारखं जड असतं. ही मधेच जड होती. आणि हाताला कोमट लागली.

ऊन, तिनं स्वतःला सांगितलं. उन्हात होती. मग आठवलं, उंबऱ्याशी ऊन येतच नाही.

मग दुसराच विचार आला. बाळ. सकाळी निघताना पाळण्यात पाहिलं होतं का? पाळण्याला हात लावून निघाली होती, पण आत पाहिलं होतं का? ती गुडघ्यावर बसली आणि गाठीला भिडली. ओढली तशी ती आवळली. दातांनी टोक उपसलं, फास सैल केला, एक फेरा निघाला. गादीची कड थोडी सुटली. घडीच्या आत, कापसाच्या खळग्यात, एक टाच दिसली. बोराएवढी. तिच्यावर पिवळसर भुकटी होती, हळदीहून फिकी.

त्याच क्षणी अंगणापलीकडून, तिच्या घराच्या खिडकीतून, तिचा नातू टाहो फोडून रडला. पाठोपाठ लेकीचा आवाज, "आले, आले रे राजा."

फौजदारणीचा हात तिथेच थांबला.

नातू घरी होता.

आणखी एक घडी उलगडली असती तर सगळं दिसलं असतं. तिनं उलगडली नाही. कड परत दाबली आणि दोरी बांधली. बांधून झाल्यावर तिच्या एक लक्षात आलं: तिनं गाठ सैल मारली होती. का, ते तिलाच कळलं नाही.

पोरं आली तेव्हा खोलीला कुलूप होतं. इतिहासवाली पुष्कळ बोलली. फौजदारणीनं पहिल्यांदाच कुणाचं तरी ऐकून घेतलं.

५

लेकीला तिनं बाळासकट बागेत पाठवलं आणि खाटेपाशी स्टूल ओढलं.

"आत्याबाई, आता सगळं. घरचं आहे, आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण बोला."

सासूनं पाणी मागितलं. प्यायली. मग खिडकीबाहेर बघत, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात बोलली.

"खोली मिळायला नियम होता. एका खोलीत माणसं ठरलेलीच. एक जास्त झालं की खोली दुसऱ्याला. आम्ही नियमात बसत होतो. मग भाऊ झाला, आणि आम्ही बसेनासे झालो."

"मग?"

"ताबा देण्याच्या दिवशी एक बाई यायची तपासायला. तिच्या गळ्यात शिट्टी. आम्ही शिट्टीबाई म्हणायचो. ती माणसं मोजायची आणि अंथरुणं न्यायची. जुन्या वस्तीतले ढेकूण नव्या घरात नकोत म्हणून. एक बंद घर होतं, तिथं गंधक जाळून धुरी द्यायचे. संध्याकाळी अंथरुणं परत."

फौजदारणीला वास आठवला. तिनं पदर नाकाला लावला, वास तिथं नसताना.

"आईनं भावाला पाजून झोपवलं आणि गादीत ठेवला. मोजणी होईपर्यंत. मला म्हणाली, दोरी तू बांध, सैल बांध, त्याला श्वास हवा. मी सहा वर्षांची. वडिलांनी मला नुकतीच ती गाठ शिकवली होती. मला ती दाखवायची होती. शिट्टीबाई आली. बाकीच्यांची बोचकी कशीतरीच. आमची बघून म्हणाली, वा! ही कोणी बांधली? मी पुढं झाले. म्हणाले, मी."

अंगणात कुणीतरी बादली ठेवली. तिचा आवाज फार मोठा वाटला.

"तिनं गाडीवाल्याला खूण केली, ही आधी घे. आईला वाटलं होतं, मोजणी आधी आणि अंथरुणं नंतर. ओरडली असती तर मूल हातात आलं असतं आणि खोली गेली असती. ती एक क्षण गप्प राहिली. मग धावली. पण धुरीघराचं दार एकदा बंद झालं की संध्याकाळपर्यंत उघडत नसत."

"आणि लोकांना?"

"तापानं गेला म्हणून सांगितलं. लोकांनी मान हलवली. कुणाकुणाच्या घरी काय काय झालं होतं, कोण कुणाला विचारतंय. मग भाऊ नाही म्हणून मला घरजावई आणला. खोली माझी झाली. माझ्या लेकाची. तुझी."

फौजदारीण त्या खोलीकडे बघत बसली. तिनं घासलेल्या फरश्या, तिनं रंगवलेली खिडकी.

"तो विचारतो," सासू म्हणाली. "बाईनं विचारलं तेच विचारतो. तेवढंच शेवटचं ऐकलंय त्यानं. आई मरेपर्यंत त्या गादीशी बोलायची. धुरीवाल्याचं नाव घ्यायची, शिट्टीबाईचं घ्यायची, स्वतःचं घ्यायची. एक सोडून सगळ्यांची नावं घेतली तिनं. ती गेली, आणि मी गादी माळ्यावर टाकली."

"सहा वर्षांच्या पोरीचा काय दोष हो?"

"ते तू मला सांगतेस," सासू म्हणाली. "त्याला सांग."

६

तर फौजदारणीनं सांगून पाहिलं. विश्वास नव्हता, पण जिना न पुसता सोडणारी ती बाई नव्हे. रोज सकाळी दार लावून घ्यायची, वळकटीसमोर उभी राहायची आणि पोलिसात जबाब द्यावा तसं बोलायची.

धुरीवाल्यानं केलं. आत काय आहे ते न बघता पेटवलं.

दुसऱ्या दिवशी वळकटी तिथेच, गाठ घट्ट.

शिट्टीबाईनं केलं. मेलीला माणसं मोजता येत होती, बघता येत नव्हती.

गाठ घट्ट.

ज्यानं नियम केला त्यानं केलं. त्याचं नाव मला ठाऊक नाही, त्याला एका खोलीत कधी राहावं लागलं नसणार.

हे म्हणताना तिला खरंच बरं वाटलं. हेच खरं आहे, असं तिला अजूनही वाटत होतं. पण सकाळी गाठ घट्ट. खरंखोटं तिथं कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं एवढंच, की कोणी बांधली.

त्या दिवशी दुपारी ती घरी आली तेव्हा लेक कपडे वाळत घालत होती, बाळ पाळण्यात झोपलेलं, सासू डोळे मिटून. पाळण्याच्या पायाशी बाळाचं दुपटं होतं. गुंडाळलेलं. नीट, गोल, दोन्ही टोकं सारखी. त्यावर पाळण्याचीच नाडी, दोन फेरे, एक फास उलटा, टोक आत.

तिनं झडप घातली. दुपटं हलकं होतं. आत काही नव्हतं. काही नव्हतं, हे तिनं तीनदा झटकून पाहिलं.

"हे तू बांधलंस?" लेकीला तिनं असं विचारलं की लेक घाबरली.

"मी कशाला बांधू? मी तर त्याच्या अंगावर घातलं होतं. आई, तुझा चेहरा काय झालाय? तूच बांधलं असशील. तुला हल्ली..."

तिनं बाळाला पाळण्यातून उचललं, आणि आईपासून थोडं लांब जाऊन उभी राहिली. फौजदारणीला ते दिसलं. तोंडात मारल्यासारखं लागलं.

खाटेवरून सासूचा आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

"अगं, किती दिवस पाठीशी घालशील मला. माझ्या आईनं घातलं, आता तू. उद्या सांग, म्हणजे तो बाळाला सोडून माझ्याकडं येईल. त्याला माझं मोठेपणीचं नाव ठाऊक नाही. आई मला ठकी म्हणायची. पाळणा हलव गं ठकी, त्याच्यापाशी बस गं ठकी. तेच सांग."

"मी नाही सांगणार."

"मग तुझ्या लेकीला सांग, बाळाला दुपट्यात घालू नको. पुरेल का तेवढं?"

फौजदारीण सासूशी आयुष्यभर भांडली होती. मिठावरून, पाण्यावरून, नवऱ्यावरून. कधी हरली नव्हती. त्या संध्याकाळी तिनं सासूचे पाय चेपले. बधिर पाय, त्यांना काही कळत नव्हतं, तरी कितीतरी वेळ चेपत राहिली. सासू एकदा म्हणाली, "पुरे, कातडी जाईल." एवढंच.

७

सकाळी निघताना तिनं पाळण्यात वाकून पाहिलं. मग सासूची उशी उंच केली, तिला खिडकीबाहेर दिसेल अशी.

खोलीत वळकटी उंबऱ्यापाशी. जवळ जाऊन फौजदारीण खाली बसली. वास होता. आवाज कसलाच नव्हता. पण शाळेत मास्तर प्रश्न विचारून टेबलाशी उभे राहायचे, आणि सगळ्या वर्गाला ठाऊक असायचं की उत्तर आल्याशिवाय ते हलायचे नाहीत. तशी ती शांतता होती. ती शाळा चारच वर्षं, पण ती शांतता तिला पाठ होती.

"हे बघ," ती म्हणाली. "आधी माझं ऐक. लहान होती ती. तुझ्याहून थोडीच मोठी. तिला कुणी शाबासकी दिली नव्हती, ती पहिलीच. तुझ्या आईनं तिचं नाव घेतलं नाही, कारण तीही तिचंच लेकरू होती. आणि ती अख्खं आयुष्य त्याच गाठी मारत राहिली, हात थांबले नाहीत तिचे. हे सगळं तू ऐक. ऐकलंस ना?"

दोरी तशीच. शांतता तशीच.

खिडकीतून अंगणापलीकडे तिचं घर दिसत होतं. खाटेवर सासू, उंच उशीवर, इकडेच तोंड करून. लेक बाळाला खांद्यावर घेऊन तिच्या मागून गेली. सासूनं हात वर केला. नव्वदीतल्या बाईनं करावा तसा नव्हता तो. बोटं ताठ, कोपर सरळ. वर्गात उत्तर येत असलेल्या पोरीनं करावा तसा.

फौजदारणीनं डोळे पुसले, नाक ओढलं, आणि जिना कुणी घाण केला ते सांगताना वापरायची त्याच आवाजात, स्पष्ट, एकदाच, सांगितलं.

"ठकी."